बाळंतिणीचंही बीपी बघा

नववा लागता लागता माझं बीपी 150/100वर गेलं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली आणि विरारच्या डॉक्टरांनी कळा सुरू करायचं ठरवलं. बाळ लहानखुरं, पण ठणठणीत. ‘पोटुशीपणातलं बीपी, मूल झालं की जातं,’ असं म्हणत सगळे निर्धास्त झाले आणि मी अर्नाळ्याला माहेरी आले.

आठवडाही झाला नव्हता, तोच डोकं ठणकायला लागलं. बाळंतिणीचं डोकं दुखलं की घरात दोनच कारणं तयार असतात: जागरण, नाहीतर कानाला लागलेलं वारं. स्कार्फ आणखी घट्ट बांधला गेला. मग डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. त्याचं खापर डिंकाच्या लाडवांवर फुटलं. शेजारच्या नर्सबाई बाळाला बघायला आल्या आणि त्यांनी सहज माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. 172/114! तशीच रिक्षा, दवाखाना आणि मॅग्नेशियम सल्फेट. ते शिरेतून जाताना अंगाची लाही होते, पण या बीपीतून येऊ शकणारे झटके टळतात. 2002च्या मॅगपाय चाचणीत 33 देशांतल्या सुमारे 10,000 बायकांमध्ये झटक्यांचा धोका या औषधाने निम्म्याहून कमी झाला होता. आपल्याकडच्या कमी वजनाच्या बायकांसाठी त्याची मात्रा कमी करण्याचं काम सोलापूरच्या डॉक्टर सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी केलं.

पोटुशीपणातल्या बीपीचा हा आजार सुरू होतो वारेपासून, म्हणून वार पडली की संपला असं वाटतं. पण बाळंतपणानंतर बीपी बहुतेक वेळा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात जास्त चढतं. नेमकी तेव्हाच बाई दवाखान्यातून घरी आलेली असते! इंग्लंडमध्ये अशा बाईचं बीपी घरी गेल्यावरही दर एक-दोन दिवसांनी मोजावं असं मार्गदर्शन आहे. अमेरिकेत बीपी फार चढलं असेल तर 72 तासांत तपासायला सांगतात. आपल्याकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या दिवशी घरी येतात, पण त्या भेटी मुख्यतः बाळासाठी. आईचं बीपी आपणच विचारायचं.

दंडावर बांधायचं यंत्र आणा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा. पाच मिनिटं शांत बसून मोजा. 140/90 दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. 160/110 दिसलं, किंवा आकडा कमी असूनही डोकं ठणकतंय, नजर अंधुक होतेय, दम लागतोय, तर सकाळची वाट बघू नका. मुंबईला हलवायचं ठरलं, तर वसईहून निघाल्यावर महामार्गावर किती वेळ अडकाल याचा नेम नाही. म्हणून झटक्यांवरचं इंजेक्शन इथेच देता येईल का, हे निघण्याआधी विचारा. आणि गोळ्यांनी दूध बिघडेल म्हणून त्या मनाने बंद करू नका. अंगावर पाजताना चालणाऱ्या बीपीच्या गोळ्या मिळतात. फक्त पाजतेय हे डॉक्टरांना सांगा.

पुन्हा दिवस राहिले, तर पहिल्याच भेटीत हा इतिहास सांगायचा. बाराव्या आठवड्यापासून अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी द्यायची का, हे डॉक्टरांना तेव्हाच ठरवावं लागतं. पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला गेलं, तर तिचा तेवढा उपयोग होत नाही.