माठ पुन्हा भर बघू!

नर्सीला, नामदेवांच्या गावी, सप्ताहात अभंग म्हणायचाय म्हणून तू ताक सोडलंस, दही सोडलंस, माठाचं पाणीही बंद केलंस म्हणे! अगं, वैशाखात आपल्या हिंगोलीत पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशात पाणी तोडलंस तर आवाज कोरडाच पडेल की. आधी तो माठ भर.

खरं सांगू का, आपण गिळतो ते स्वरतंतूंना लागतच नाही. घास उतरताना श्वासनलिकेवर झाकण पडतं, आणि स्वरतंतू असतात त्या झाकणाखाली. प्यालेलं पाणी आधी रक्तात मिसळतं, मग तिथवर पोचतं. रात्री गायचं असेल तर सकाळपासूनच थोडं थोडं पीत राहा. माइकसमोर तांब्याभर रिचवून नुसतं पोट डुचमळतं.

मग गार-गरमचा काहीच संबंध नाही? आहे, पण तो घशाशी. मंडपातल्या जारचं बर्फगार पाणी प्यायलं की काहींचा घसा आवळतो आणि वरच्या सुरात ते जाणवतं. कोमट पाण्याने बरं वाटतं. तुझं काय होतं ते रियाजातच बघून ठेव. आणि चहा कढत घशाखाली घालायची पैज नको गं! ६५ अंशांपुढचं पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये सांगितलंय. बशीत ओतून पी. वसमतच्या हळदीचं दूधसुद्धा कोमटच घे.

माझी खरी काळजी वेगळीच आहे बघ. कीर्तन सुटतं उशिरा, मग पंगत. तिखटजाळ आमटी, वर ठेचा, पोट तट्ट होईस्तोवर जेवण आणि लगेच अंथरुणावर. झोपेत पोटातलं आम्ल वर चढतं, थेट स्वरतंतूंपर्यंत जातं आणि पहाटे काकड्याला आवाज जड, खरखरीत. खापर मात्र बिचाऱ्या माठावर फुटतं! तू संध्याकाळीच वरण-भाकरी खाऊन घे. पंगतीत घासभर प्रसाद पुरे. वाढणाऱ्या काकू आग्रह करतील, तेव्हा हसून हात जोड. कुणी रागावत नाही.

आणि हे बघ, सप्ताह उठल्यावर तीन आठवडे झाले तरी आवाज बसलेलाच असेल, तर काढे करत बसू नकोस. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखव.