शोमरोन्याचा दुसरा दिवस



चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक 10:25-37) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. याजक व लेवी बाजूने निघून गेले आणि एका परक्या माणसाने जखमा बांधल्या, येथपर्यंत सर्वांना पाठ असते. त्यापुढचा भाग मात्र आपण घाईने वाचतो. दुसऱ्या दिवशी शोमरोन्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. शिवाय जास्त खर्च झाला तर तोही परत येताना देईन, असे कबूल केले. तो परत येणार होता!

ऑगस्ट 2019 चा महापूर आपण विसरलेलो नाही. पाऊस साताऱ्याच्या डोंगरात, महाबळेश्वर-कोयनेकडे कोसळला आणि पाणी सांगलीकरांच्या घरात शिरले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना कृष्णा 57 फुटांवर गेली. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. त्या आठवड्यात गावोगावहून भाकऱ्या, पाणी, चादरी आल्या. देणाऱ्यांनी कोणाची जात-धर्म विचारला नाही, हे आपल्या मातीचे मोठेपण. पण पाणी ओसरल्यावर घरातला चिखल, भिजलेली रेशनकार्डे, मुलांची वह्यापुस्तके आणि दुकानदाराचे कर्ज तसेच राहिले. जुने कपडे देऊन टाकणे सोपे असते. महिन्याभराने पुन्हा त्याच दारात जाऊन 'आता कसे चालले आहे?' असे विचारणे कठीण जाते. दाखल्यातला दुसरा दिवस तेव्हा सुरू होतो.

हा दुसरा दिवस पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवणारे लोक आपल्याच भागात होऊन गेले. डॉ. विल्यम वानलेस 1889 साली भारतात आले व 1894 मध्ये मिरजेत त्यांचे इस्पितळ उभे राहिले. हे मिशन प्रेस्बिटेरियन होते, आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हे. (शोमरोनीही यहुद्यांच्या मंडळीतला नव्हता, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) डॉक्टरांचे नाव शस्त्रक्रियांमुळे झाले. आम्हाला मात्र त्या मिशनचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते: कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय आणि सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम. क्षयावर त्या वेळी खात्रीचे औषध नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न, विश्रांती आणि महिनोन्‌महिने शुश्रूषा, एवढेच हाती होते. ज्यांना घरचेही जवळ घेत नव्हते, त्यांच्यासाठी ती खरीखुरी उतारशाळा होती.

आज क्षय औषधाने बरा होतो. पण साधारण सहा महिने गोळ्या चुकवून चालत नाही. दोन महिन्यांत बरे वाटू लागते, मजुरीला जावे लागते, आणि गोळ्या बंद होतात. आजार उलटला की तीच औषधे कधी कधी लागू पडत नाहीत. शेजाऱ्याचे काम येथे आहे. सरकारने 2022 साली 'निक्षय मित्र' योजना सुरू केली. तिच्यात कोणीही व्यक्ती किंवा संस्था नाव नोंदवून रुग्णाला किमान सहा महिने सकस आहार पुरवू शकते: डाळ, कडधान्ये, तेल, शेंगदाणे. एका कुटुंबाला हे जड वाटले तर गल्लीतल्या चार कुटुंबांनी मिळून एक रुग्ण घ्यावा. मात्र रुग्णाची संमती आधी घ्यावी आणि त्याचे नाव चर्चच्या आवारात कोणीही उच्चारू नये. चौकशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते.