धारूरहून गोल्फला काणकोण

प्रश्न : आम्ही चौघे मित्र धारूरचे. प्रजासत्ताक दिनाला जोडून तीन दिवस समुद्राकाठी गोल्फ खेळायचा आहे. कुठे जावे?

उत्तर : दक्षिण गोव्यात काणकोणला राजबाग किनाऱ्यालगत नऊ होलचे मैदान आहे. पण अंतर पाचशे किलोमीटरांहून जास्त. तिनांतले दोन दिवस गाडीतच जातील. चौथ्या दिवसाची रजा काढाच. बार्शी, सोलापूरमार्गे कोल्हापूरला मुक्काम करा (तांबडा-पांढरा रस्सा हे कारण पुरेसे आहे), आंबोली घाट उजेडी उतरा. खेळ सकाळीच उरका. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की उंच मारलेला चेंडू भरकटतो. दुपारी खेळावेच लागले, तर फटका कमी उंचीचा ठेवा. मैदान रिसॉर्टचे, म्हणून खेळायची वेळ आधी फोनवर पक्की करा, खोली नंतर. गोल्फचे क्लब (काठ्या) भाड्याने मिळतील का, तेही विचारा. चौघांच्या गोल्फ-बॅगा एका डिकीत मावत नाहीत.