अंगावरचे पित्त, नवी औषधे आणि एका रुग्णाचा प्रश्न

वार्षिक अहवालात ताळेबंदाच्या आधी एखाद्या आजाराविषयी माहितीपर लेख द्यावा, ही आपल्या रुग्णालयाची जुनी प्रथा आहे. मधुमेह, क्षयरोग, हृदयविकार यांवर यापूर्वी लिहून झाले आहे. यंदा त्वचारोग विभागाने सुचविलेला विषय पाहून विश्वस्त मंडळातील काही ज्येष्ठांना आश्चर्य वाटले. अंगावर पित्त उठणे हा काय अहवालात लिहिण्याजोगा आजार आहे? आमसुलाचे पाणी अंगाला चोळले की घटका-दोन घटकांत चट्टे बसतात, असाच बहुतेकांचा अनुभव. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्याने वैद्यकीय बाबींतील आमचे ज्ञान डॉक्टरांनी समजावून दिले तेवढेच. तथापि अहवाल वर्षात या विषयाची जी कागदपत्रे आमच्या टेबलावरून गेली, त्यांनी आमचाही समज बदलला. यास्तव हा लेखनप्रपंच.

त्वचेतील मास्ट नावाच्या पेशींतून हिस्टामिन व तत्सम द्रव्ये एकाएकी बाहेर पडली की त्वचा लाल होऊन फुगते आणि असह्य खाज सुटते. यालाच आपण गांधी उठणे म्हणतो. काहींचे ओठ व पापण्याही सुजतात. हा त्रास सहा आठवड्यांहून अधिक काळ होत राहिला, तर तो दीर्घकालीन समजतात. लोकसंख्येच्या अर्धा ते एक टक्का लोकांना तो असतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुप्पट आढळतो. नाव पित्ताचे असले तरी पोटातील आम्लाशी त्याचा संबंध नाही. बहुसंख्य रुग्णांत खाण्यातील कोणताही पदार्थ कारणीभूत नसतो. शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा मास्ट पेशींना चिथावते, असे आता मानले जाते. वांगे, अंडी, शेंगदाणे, तुरीची डाळ असे एकेक वर्ज्य करीत केवळ भात-ताकावर आलेले रुग्ण आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात, तेव्हा डॉक्टरांचे पहिले काम त्यांना पुन्हा जेवू घालण्याचे असते.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे झोप न आणणारी नवी अँटिहिस्टामिन औषधे, उदाहरणार्थ सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन. नेहमीच्या मात्रेने भागले नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती चौपटीपर्यंत वाढविता येते. एवढे करूनही बऱ्याच रुग्णांचे चट्टे थांबत नाहीत. त्यांपैकी कित्येक जण आमच्याकडे येण्यापूर्वी कोणाच्या तरी सल्ल्याने महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असतात. आराम पडतो, परंतु रक्तातील साखर, हाडे आणि रक्तदाब यांच्या हिशेबात त्याची किंमत मोजावी लागते. सायक्लोस्पोरिन हे जुने औषध काहींना लागू पडते, मात्र त्यासाठी मूत्रपिंड व रक्तदाबावर सतत लक्ष ठेवावे लागते. नव्या औषधांचा शोध चालू आहे तो या अडलेल्या रुग्णांसाठी.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. नवे औषध खरोखर उपयोगी आहे, हे ठरवायचे कसे? एका विश्वस्तांनी बैठकीत विचारले की, "निम्म्या रुग्णांना खरे औषध आणि निम्म्यांना नुसते पाणी टोचायचे, हा गरिबांवर प्रयोग नव्हे काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आमसुलाच्या पाण्यातच आहे. पित्ताचा एखादा चट्टा सहसा चोवीस तासांच्या आत आपोआप नाहीसा होतो. त्यामुळे त्यावर आमसूल चोळा, गेरू लावा किंवा काहीच करू नका, तो जाणारच, आणि श्रेय शेवटी हाताशी असलेल्या उपायाला मिळणार. शिवाय रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो ती त्रास शिगेला पोचला म्हणजे. दिवाळीच्या महिन्यातील विक्रीची तुलना पुढच्या महिन्याशी करून कोणी दुकान बुडाले असे म्हणत नाही. तसेच आजाराच्या सर्वांत वाईट आठवड्याची पुढच्या आठवड्याशी तुलना करून औषधाला यश देणे हे हिशेबाच्या शास्त्राला धरून होत नाही.

ओमॅलिझुमॅब या इंजेक्शनाचे उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटले. मूळचे दम्याचे हे औषध शरीरातील आयजीई या प्रतिपिंडाला बांधून ठेवते. अँटिहिस्टामिन घेऊनही त्रास न थांबलेल्या ३२३ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील मार्कुस माउरर हे त्याचे प्रमुख लेखक. रुग्णांचे चार गट पाडले. तीन गटांना ७५, १५० व ३०० मिलिग्रॅम औषध, तर चौथ्याला औषधविरहित इंजेक्शन, चार आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा. कोणाला काय दिले, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरालाही नव्हते. आठवड्याच्या खाजेचे गुण कमाल २१ असतात. आरंभी ते सरासरी १४ च्या आसपास होते. बारा आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅमच्या गटात ९.८ गुणांची घट झाली. आणि नुसते पाणी टोचलेल्या गटात? तेथेही ५.१ गुणांची घट झाली होती. ७५ मिलिग्रॅमच्या गटात ५.९, म्हणजे पाण्याहून फारशी वेगळी नाही.

हे आकडे आम्ही दोनदा वाचले. तुलनेचा गट नसता तर ७५ मिलिग्रॅमची मात्राही गुणकारी म्हणून विकली गेली असती आणि रुग्णांनी तिचे पैसे मोजले असते. ३०० मिलिग्रॅमच्या गटात ४४ टक्के रुग्ण चट्टे व खाज यांपासून पूर्ण मुक्त झाले, पाण्याच्या गटात केवळ ५ टक्के. हा फरक खरा. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी औषधाला मान्यता मिळाली. मात्र इंजेक्शने थांबविल्यावर पुढील आठवड्यांत त्रास हळूहळू परतला, हेही त्याच चाचणीने दाखविले. औषध आजार आवरते, मुळापासून घालवीत नाही.

यापुढची हकीकत अधिक शिकविणारी आहे. आयजीईला ओमॅलिझुमॅबहून अधिक घट्ट बांधणारे लिगेलिझुमॅब हे औषध तयार झाले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत एकूण ३८२ रुग्ण होते. बाराव्या आठवड्यात ७२ मिलिग्रॅम लिगेलिझुमॅब घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के रुग्णांचे चट्टे पूर्ण गेले, ओमॅलिझुमॅबच्या गटात २६ टक्के रुग्णांचे. दुप्पट यश! जुन्या औषधाचे दिवस भरले, असे कोणासही वाटले असते. परंतु या दोन्ही गटांत जेमतेम ८४-८५ रुग्ण होते. मग दोन हजारांहून अधिक रुग्ण घेऊन तिसऱ्या टप्प्याच्या दोन चाचण्या झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: नवे औषध पाण्यापेक्षा सरस, पण जुन्या औषधापेक्षा नाही. दुप्पट दिसलेले यश मोठ्या मोजमापात विरून गेले. एका तिमाहीच्या नफ्यावर लाभांश जाहीर करू नये, हे आम्ही महाविद्यालयात शिकलो होतो. औषधशास्त्रातही तेच खरे असल्याचे पाहून थोडी मौज वाटली, आणि त्या दोन हजार रुग्णांविषयी आदर वाटला.

दुपिलुमॅब या औषधाची वाटही सरळ नव्हती. ओमॅलिझुमॅब लागू न पडलेल्या किंवा न सोसलेल्या रुग्णांवरील त्याची चाचणी यशाची आशा नसल्याने २०२२ मध्ये थांबवावी लागली. ओमॅलिझुमॅब कधीच न घेतलेल्या रुग्णांत मात्र उपयोग दिसला. अमेरिकेच्या नियामकांनी २०२३ मध्ये अधिक पुरावा मागितला आणि तो मिळाल्यावर एप्रिल २०२५ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये रेमिब्रुटिनिब या तोंडाने घ्यावयाच्या गोळीला तेथे परवानगी मिळाली. हिच्या एका चाचणीत चट्टे व खाज यांचे आठवड्याचे ४२ पैकी सुमारे ३० गुण गोळीमुळे २० ने उतरले, तर औषधविरहित गोळीनेही १३.८ ने उतरले. आमसुलाच्या पाण्याचे सामर्थ्य एवढे असते!

गतवर्षी अशाच एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागाचा प्रस्ताव आमच्या त्वचारोग विभागाकडे आला. प्रस्ताव नैतिकता समितीपुढे गेला. २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीत निदान सात सदस्य असावे लागतात, त्यांत निम्मे तरी संस्थेबाहेरचे, शिवाय कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक. चाचणीची राष्ट्रीय नोंदवहीत आगाऊ नोंद, समजून-उमजून दिलेली लेखी संमती, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई, या बाबी नियमांत स्पष्ट आहेत. पाण्याच्या गटातील रुग्णांनाही अँटिहिस्टामिन चालूच राहणार होते. एवढ्यावर विश्वस्तांच्या शंकेचे निरसन झाले.

अडचण दुसरीकडून आली. माहितीसभेत शिवणकाम करणाऱ्या एक भगिनी उठल्या. चार वर्षांचा त्रास, कमरेला परकराची नाडी आवळते तेथे रोज चट्टे, रात्रीची झोप नाही. त्यांनी शांतपणे विचारले, "साहेब, औषध मला लागू पडलं, आणि चाचणी संपली, तर नंतर ते मला कोण देणार?"

आम्ही नियम उघडून पाहिले. चाचणीनंतर औषध विनामूल्य देण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसावा, अशी अट आहे. येथे दुसरा उपचार उपलब्ध आहे. दर चार आठवड्यांनी घ्यावयाचे ते इंजेक्शन शिलाईच्या मिळकतीतून परवडणारे नाही, एवढेच. निर्धन रुग्ण निधीत धर्मादाय योजनेनुसार एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम आम्ही ठेवतो. त्यातून अपघाताचे, बाळंतपणाचे, डायलिसिसचे रुग्ण पाहावयाचे असतात. वर्षानुवर्षे चालणारी इंजेक्शने त्या निधीवर टाकणे आमच्या हिशेबात बसत नाही. ओमॅलिझुमॅबच्या समकक्ष औषधाला युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली आहे. त्याची तुलनात्मक चाचणी याच आजाराच्या रुग्णांवर झाली होती. स्पर्धेने किमती उतरतील, अशी आशा आहे, परंतु आशेची तरतूद अंदाजपत्रकात करता येत नाही.

त्या भगिनींचा प्रश्न समितीने इतिवृत्तात शब्दशः नोंदविला. ज्या रुग्णांना औषध लागू पडेल त्यांना ते चाचणीनंतर किती काळ आणि कोणाच्या खर्चाने मिळेल, हे पुरस्कर्त्या कंपनीने लेखी कळवावे, त्याशिवाय मंजुरीचा विचार होणार नाही, असा ठराव झाला. हा अहवाल छपाईस जाईपर्यंत उत्तर आलेले नाही. आमच्या लेखा विभागाने दरम्यान एक साधी वही छापून घेतली आहे. चट्ट्यांना शून्य ते तीन, खाजेला शून्य ते तीन, अशी रोजकीर्द रुग्णांनी स्वतः लिहावयाची. सदर भगिनींची अँटिहिस्टामिनची मात्रा डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने चौपट केली आहे. त्यांच्या आठवड्याची बेरीज ३१ वरून २२ वर आली आहे आणि पुढील तपासणी येत्या महिन्यात आहे.