नवा लॅपटॉप मंद चालतो तेव्हा

स्वस्त लॅपटॉप नवा कोरा असूनही रखडत चालतो, तेव्हा त्यात बिघाड असतोच असे नाही. किंमत खाली आणण्यासाठी केलेली काटछाट हेच बहुतेक वेळा त्याचे कारण असते. ही काटछाट तीन ठिकाणी होते. प्रोसेसर सेलेरॉन एन4020 सारखा दोनच कोअरचा असतो, रॅम 4 जीबी असते आणि एसएसडीऐवजी मिनिटाला 5,400 फेरे घेणारी हार्ड डिस्क किंवा मदरबोर्डवरच पक्की बसवलेली 64 जीबीची ईएमएमसी चिप असते. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरजही 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा एवढीच आहे. पण तेवढ्यात विंडोज फक्त सुरू होते. कामाला मोकळीक उरत नाही. ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसल्यामुळे रॅमचा काही भाग तिकडेही जातो.

पहिल्या एक-दोन दिवसांवरून मात्र मत बनवू नये. नवा लॅपटॉप इंटरनेटला जोडला की विंडोजचे अपडेट उतरतात, स्टोअरमधली ॲप नवी होतात आणि फाइलींची शोधसूची तयार होऊ लागते. ही कामे मागे चालू असतात आणि डिस्क अडवून ठेवतात. चार्जर लावून लॅपटॉप चालू ठेवावा, अपडेट पूर्ण होऊ द्यावेत, सांगेल तेव्हा रीस्टार्ट करावा आणि त्यानंतरच वेग पाहावा.

मग निदान. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांवर टक्केवारी दिसते. नेहमीचे काम करताना यातला कोणता रकाना शंभराला टेकतो, ते पाहावे. मेमरी नव्वदच्या वर असेल, तर रॅममध्ये न मावणारा मजकूर विंडोज डिस्कवर हलवत असते, आणि डिस्क संथ असली की माऊससुद्धा अडखळतो. मेमरी मोकळी असून डिस्क शंभरावर असेल, तर दुखणे हार्ड डिस्कचे आहे. फक्त सीपीयू भरलेला असेल, तर प्रोसेसरच तोकडा आहे, आणि लॅपटॉपमध्ये तो सहसा बदलता येत नाही.

हे निदान परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत संपण्याआधीच करावे. निव्वळ मंदपणा विक्रेता दोष मानेलच असे नाही. पण जाहिरातीत एसएसडी लिहून प्रत्यक्षात हार्ड डिस्क दिली असेल, तर ती सरळ फसवणूक आहे. पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.

पैसे खर्च करण्याआधी फुकटचे उपाय करून पाहावेत. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप ॲप्स’ या भागात लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारी ॲप दिसतात. नको ती बंद करावीत. चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस आधीच भरलेला असेल, तर तो काढून टाकावा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप पुन्हा चालू होतो. ब्राउझरमध्ये मोजकेच टॅब उघडे ठेवावेत, एक्स्टेन्शन कमी करावीत. डिस्क गच्च भरू देऊ नये. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवला की हवेच्या फटी झाकल्या जातात, तो तापतो आणि प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. ‘एका क्लिकमध्ये वेग वाढवा’ म्हणणारी सॉफ्टवेअर घालू नयेत. ती स्वतःच रॅम खातात आणि काही तर घातक असतात.

एवढे करूनही वेग येत नसेल, तर सुटा भाग बदलण्याचा विचार करावा. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात मेमरीवर क्लिक केले की ‘फॉर्म फॅक्टर’ ही ओळ दिसते. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल, तर रॅमची पट्टी बदलता येण्याजोगी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल, तर ती बोर्डावरच पक्की आहे. जुळणारी पट्टी घालून रॅम 8 जीबी केली की रोजचे काम सुसह्य होते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्याने तर सर्वांत मोठा फरक पडतो, कारण हार्ड डिस्कला फिरणाऱ्या तबकडीवर माहिती शोधत जावे लागते आणि एसएसडीत हलणारा भागच नसतो. ईएमएमसी मात्र बदलता येत नाही. अशा मॉडेलमध्ये एसएसडीसाठी रिकामा एम.2 स्लॉट आहे का, ते पाहावे.

मागचे झाकण उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की लिहून घ्यावी. ती हरवली तर माहिती कायमची अडकू शकते.

काहीच बदलता येत नसेल आणि काम ब्राउझर, ईमेल व लेखनापुरतेच असेल, तर लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीसारखी हलकी प्रणाली 4 जीबीतही बरी चालते. ती आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. मात्र ज्या सॉफ्टवेअरवर अभ्यास किंवा नोकरी अवलंबून आहे, ते तिच्यावर चालते याची खात्री झाल्याशिवाय विंडोज पुसू नये.