भोपळ्याच्या बियांचं तेल फोडणीला चालेल का?

प्रश्न : तांबड्या भोपळ्याच्या बिया मी टाकून देते. त्या खाव्यात का? त्यांचं तेल फोडणीला वापरता येईल?

उत्तर : ताई, टाकू नका. धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजा. सोललेल्या बियांत साधारण 30 टक्के प्रथिनं आणि निम्म्याच्या आसपास तेल असतं. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम बियांतून जवळपास 9 ग्रॅम प्रथिनं मिळतात, शिवाय भरपूर मॅग्नेशियम आणि थोडं जस्त. शेंगदाण्याच्या चटणीत निम्म्या या बिया घालून पाहा, मला ती चव फार आवडते.

तेल मात्र फोडणीला नको. त्यात लिनोलिक आम्लाचं प्रमाण मोठं, त्यामुळे कडक आचेवर ते लवकर बिघडतं. कोशिंबिरीवर कच्चंच घाला. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात हे तेल असंच सॅलडवर घेतात. तिथल्या भोपळ्याच्या बियांना टणक टरफलच नसतं. तेलाचा पातळ थर हिरवा दिसतो, बाटलीत तेच तेल लालसर दिसतं. ती भेसळ नव्हे, त्यातल्या हरित रंगद्रव्यांमुळे तसं दिसतं. बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवा.

आणि भोपळा किंवा बी कडू लागली तर लगेच थुंकून टाका. तो कडवटपणा कुकरबिटासिन या विषारी द्रव्याचा, शिजवूनही तो जात नाही.