परक्याचे धन

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल हे गाव आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि भोवती वऱ्हाडची काळी जमीन. या जमिनीत कापूस पिकतो. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला बियाणे व खत यांसाठी पैसा हवा असतो. कापूस विकला गेला म्हणजे हाती आलेला पैसा सुरक्षित ठेवावयाचा असतो. ही दोन्ही कामे बँक करते. एकाची ठेव दुसऱ्याच्या पेरणीचे कर्ज होते.

पूर्वी मोठ्या बँका खेड्यांपासून फार दूर होत्या. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशातील ग्रामीण कर्जाची पाहणी करविली. शेतकऱ्यांच्या दर शंभर रुपये कर्जात सुमारे सत्तर रुपये सावकारांचे होते. व्यापारी बँकांचा वाटा एक रुपयाही भरला नाही. पुढे १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे काम तिच्यावर सोपविले गेले. १९ जुलै १९६९ रोजी आणखी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र ही त्यांपैकीच एक होय.

अशा मोठ्या बँकेत काम करणे म्हणजे काय? नोटा घेणे, नोटा देणे, आकडे लिहिणे. यात कठीण ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण थोडे बारकाईने पाहा.

सकाळी तिजोरी उघडते ती दोन किल्ल्यांनी. एक किल्ली रोखपालाजवळ असते, दुसरी दुसऱ्या एका अधिकाऱ्याजवळ. एकट्याला ती उघडता येत नाही. तसेच, एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो. कारण एक शून्य जास्त पडले, तर पाच हजारांचे पन्नास हजार होतात. ही व्यवस्था केवळ संशयापोटी नाही. प्रामाणिक माणसावर विनाकारण आळ येऊ नये, यासाठीही ती आहे.

लिहिता-वाचता न येणारी एखादी वृद्ध स्त्री खिडकीशी येते. मजुरीतून साठविलेले पैसे तिला काढावयाचे असतात. त्यासाठी तिला स्वतः यावे लागते व बँकेच्या माणसासमोर अंगठा उठवावा लागतो. कागदावर कोणता आकडा लिहिला आहे, हे तिला कळत नाही. त्या क्षणी तिची सारी पुंजी समोरच्या माणसाच्या सचोटीवर अवलंबून असते. म्हणून चांगला कर्मचारी तिला रक्कम स्पष्ट सांगतो, नोटा तिच्यादेखत मोजतो आणि घाई करीत नाही.

सायंकाळी हिशेब जुळवावयाचा असतो. शंभर रुपये कमी भरले, तर रोखपालाला ते पदरचे घालावे लागतात. आणि जास्त भरले तर? मग लाभच झाला, असे कोणी म्हणेल. पण तसे नाही. कोणीतरी चुकून जास्त दिले असेल किंवा कोणाच्या तरी हाती कमी पडले असेल. ते पैसे वेगळे नोंदवून त्यांचा धनी शोधावा लागतो. बँकेत तुटीइतकीच वाढही चूकच मानली जाते.

कोणाच्या खात्यात किती पैसा आहे, हे बाहेर बोलता येत नाही. १९५५ च्या कायद्यानुसार स्टेट बँकेचे कर्मचारी कामावर रुजू होण्यापूर्वी निष्ठेची व गुप्ततेची लेखी ग्वाही देतात.

पूर्वी हे सारे जाडजूड वह्यांत लिहीत. आता ते संगणकावर होते. साधने बदलली, जबाबदारी मात्र तीच राहिली. हातातून रोज लाखो रुपये जावेत आणि त्यांतला एकही आपला मानू नये, हीच या कामाची खरी कसोटी आहे.

स्वाध्याय

१. तिजोरीला दोन किल्ल्या का असतात?
२. हिशेबात पैसे जास्त भरले, तरी ती चूक का मानतात?
३. ‘पदरचे घालणे’ व ‘आळ येणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. निरक्षर खातेदाराशी बँकेच्या माणसाने कसे वागावे, ते आपल्या शब्दांत लिहा.